समान रुंदीचे अक्षर

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी मार्गदर्शन सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. पंचवीस वर्षे टंकलेखनाचा वर्ग चालविला आणि गेली काही वर्षे संस्थेच्या संगणक कक्षात मुलांसोबत बसतो, एवढीच माझी ओळख. या सत्रासाठी चिटणीस साहेबांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "अक्षरांच्या रुंदीवर बोलतो." ते हसले. तुम्हालाही हसू येईल. परंतु या रुंदीपायी आपल्याच एका विद्यार्थिनीला विलंब शुल्क भरावे लागले आहे, आणि त्याला कारण मी आहे. म्हणून आधी तेच सांगतो.

संस्थेच्या शिष्यवृत्तीची यादी मी टंकित करतो. नाव, खाते क्रमांक, बँकेच्या शाखेचा आयएफएससी संकेतांक, रक्कम. हा संकेतांक अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार इंग्रजी अक्षरे बँकेची, शेवटची सहा शाखेची, आणि मधले पाचवे स्थान नेहमी शून्याचे. त्या वर्षी एका मुलीच्या संकेतांकात मी त्या जागी शून्याऐवजी इंग्रजी कॅपिटल ओ टाकला. यादी मी तीन वेळा वाचली, खजिनदारांनी एकदा वाचली. आम्ही ज्या फॉन्टमध्ये यादी छापली होती त्यात शून्य आणि ओ जवळजवळ सारखेच दिसत होते. बँकेने यादी परत पाठविली. दुरुस्ती होऊन पैसे जमा होईपर्यंत त्या मुलीच्या शुल्काची तारीख उलटली. तिच्या वडिलांनी उसने पैसे आणून विलंब शुल्क भरले. मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि ते मला अधिक लागले.

त्यानंतर कक्षातील एका मुलाने तीच यादी दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडून दाखविली. शून्याच्या पोटात एक ठिपका आला आणि चूक आपोआप वर आली. तो फॉन्ट संगणकात आधीपासून होता, फुकट होता, आणि मी त्याच्याकडे कधी पाहिले नव्हते. प्रोग्रॅम लिहिणारे लोक हा वापरतात, असे तो मुलगा म्हणाला. तेव्हापासून मी या समान रुंदीच्या फॉन्टच्या मागे लागलो. इंग्रजीत त्याला मोनोस्पेस म्हणतात.

वास्तविक मला हे नवीन नव्हते. टंकलेखन यंत्र म्हणजे समान रुंदीच्या अक्षरांचेच यंत्र. आय दाबा किंवा एम दाबा, कॅरेज तेवढेच सरकते. मोठ्या अक्षराच्या यंत्रावर एका इंचात दहा अक्षरे, बारीक अक्षराच्या यंत्रावर बारा. म्हणून ताळेबंदाचे रकाने सरळ उभे राहत. माझ्या वर्गात मी मुलांना सांगत असे की रकाना वाकडा आला तर चूक यंत्राची नाही, तुमच्या मोजणीची आहे.

देवनागरीसाठी या यंत्राने केलेली तडजोड आजच्या मुलांना ठाऊक नाही. आपले अक्षर काही चौकोनात बसायला तयार नसते. वर मात्रा, खाली उकार, मागे वेलांटी, डोक्यावर रफार. म्हणून अनुस्वार, मात्रा, उकार यांच्या काही कळा अशा केल्या होत्या की त्या दाबल्या तरी कॅरेज जागचे हलत नसे; पुढचे अक्षर त्याच जागी येऊन बसे. काही अक्षरांचे कान्याशिवायचे अर्धे रूप कळीवर असे. 'श्' दाबायचा आणि मग काना दाबायचा, की 'श' पूर्ण. पहिली वेलांटी उच्चाराच्या आधीच टंकित करायची. तीस शब्दांच्या परीक्षेसाठी मुले हे सारे बोटांत मुरवीत. सौंदर्य फारसे नव्हते, हे मान्य करतो. पण वाचता येत होते, आणि सरकारी कचेऱ्या त्यावर चालल्या.

इंग्रजी यंत्रासाठी आयबीएम कंपनीने १९५० च्या दशकात कुरियर नावाचे अक्षर करवून घेतले. हॉवर्ड केटलर हे त्याचे रचनाकार. कंपनीने त्या अक्षरावर स्वतःचा एकाधिकार राखला नाही. त्यामुळे इतर यंत्र बनविणाऱ्यांनीही ते उचलले, आणि जगभरच्या कचेऱ्यांची पत्रे त्या अक्षरात दिसू लागली. पुढे संगणकातही ते आले. आज तुमच्या संगणकाच्या फॉन्टच्या यादीत कुरियर न्यू म्हणून जे दिसते ते त्याच वंशातील.

आता यंत्राकडून पडद्याकडे येऊ.

१९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला. त्याचा मजकुराचा पडदा म्हणजे आडव्या ऐंशी आणि उभ्या पंचवीस घरांची पाटी. एकूण दोन हजार घरे, एका घरात एक अक्षर. समान रुंदी ही त्या यंत्राची गरजच होती, कारण घरे सारखी होती. १९८७ च्या व्हीजीए पद्धतीत अक्षराचा साचा आठ ठिपके रुंद आणि सोळा ठिपके उंच झाला. एका अक्षराला सोळा बाइट, आणि २५६ अक्षरांचा सारा संच ४०९६ बाइटमध्ये. आज आपण मोबाईलवर सकाळी जे फुलांचे चित्र एकमेकांना पाठवितो, त्याची जागा याच्या कितीतरी पट असते.

एक अक्षर कसे साठवितात ते मी फळ्यावर दाखवितो. स्मरणिकेत फळा नसेल, म्हणून वाचकांनी आलेख कागद घ्यावा. आठ घरे आडवी, सोळा घरे उभी आखा. इंग्रजी कॅपिटल ए काढायचा आहे. वरच्या चार ओळी कोऱ्या सोडा. पाचव्या ओळीत मधली दोन घरे, म्हणजे चौथे आणि पाचवे, काळी करा. पुढच्या दोन ओळींत तिसरे आणि सहावे. त्यापुढच्या दोन ओळींत दुसरे आणि सातवे. मग एका ओळीत दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत सलग सहा घरे; ही ए ची आडवी दांडी. मग चार ओळींत पुन्हा दुसरे आणि सातवे. शेवटच्या दोन ओळी कोऱ्या. कागद हातभर लांब धरून पाहा, ए दिसतो. १२८ घरांपैकी केवळ २४ काळी केली आहेत.

आता हे चित्र आकड्यांत लिहायचे. प्रत्येक ओळीचे चार-चार घरांचे दोन भाग करा. प्रत्येक भागातील घरांची किंमत डावीकडून आठ, चार, दोन, एक. काळ्या घरांची बेरीज घ्या. पाचव्या ओळीत डाव्या भागाची बेरीज एक, उजव्या भागाची आठ, म्हणून १८. पुढच्या दोन ओळी २४, २४. मग ४२, ४२. सलग दांडीच्या ओळीत डाव्या भागाची बेरीज सात, उजव्या भागाची चौदा. बेरीज नऊच्या वर गेली की दहा ते पंधरासाठी इंग्रजी ए ते एफ ही अक्षरे वापरतात, चौदाला ई. म्हणून त्या ओळीचे '७ ई'. कोऱ्या ओळींना शून्य शून्य. अशा सोळा जोड्या, म्हणजे बत्तीस अंक, हेच झाले एक अक्षर.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. रोमान चिबोरा या गृहस्थाने १९९८ मध्ये युनिफॉन्ट नावाचा फॉन्ट याच पद्धतीने सुरू केला. जगातील सर्व लिप्यांना एकेक क्रमांक देणारा युनिकोडचा तक्ता त्या वेळी वाढत होता. पण तक्त्यातील सारी अक्षरे दाखविणारा फॉन्ट सामान्य माणसाजवळ नव्हता. त्याने साधी मजकुराची फाईल केली. एका ओळीत अक्षराचा क्रमांक, मग विसर्गासारखे दोन ठिपके, मग बत्तीस अंक. चिनी लिपीसारख्या रुंद अक्षरांसाठी सोळा बाय सोळाचे घर आणि चौसष्ट अंक. म्हणजे यात रुंदी दोन आहेत, एकपट आणि दुप्पट. काटेकोर बोलायचे तर तो शुद्ध समान रुंदीचा फॉन्ट नव्हे. पण रकाने सरळ राहतात.

मला या फाईलचे मोठे अप्रूप वाटते. फॉन्ट करायचा म्हणजे महागडे सॉफ्टवेअर हवे, कलाशाळेचे शिक्षण हवे, असा आपला समज. येथे पेन्सिल, आलेख कागद आणि साधा मजकूर लिहिण्याची सोय एवढ्यावर काम होते. कोणाला एखादे अक्षर वाकडे वाटले तर त्याने ती एक ओळ बदलून पाठवायची. पुढे पॉल हार्डी यांनी हे काम हाती घेऊन नेटाने वाढविले, इतर अनेकांनी अक्षरे दिली, आणि ज्या लिप्यांची नावे आपण ऐकली नाहीत त्यांनाही त्यात घर मिळाले. ही अक्षरे सुंदर आहेत असे कोणी म्हणणार नाही. ज्याच्या भाषेला दुसरा फॉन्टच नाही त्याच्या पडद्यावर रिकाम्या चौकोनाऐवजी अक्षर दिसावे, एवढेच त्याचे काम.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मुले घरी जाऊन निराश होतील. देवनागरीचे काम या पद्धतीने अर्धेच होते. त्या फाईलमध्ये एका क्रमांकाला एक चित्र आहे. दोन अक्षरे एकत्र आली तर काय करायचे, हे लिहायला तेथे जागा नाही. त्यामुळे 'क्ष' मधला क् आणि ष वेगळे पडतात, हलन्त उघडा दिसतो. आणि मराठीचा प्रश्न त्याहून नाजूक. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द घ्या. एक गुरुजींना, दुसरा स्वयंपाक्यांना. फरक फक्त रफार आणि आडव्या र चा. जोडाक्षराचे नियम नसलेल्या फॉन्टमध्ये हा फरक डोळ्याला नीट दिसत नाही. हिंदीला आडवा र लागत नाही, त्यामुळे तो राहून गेला तर बाहेरच्या रचनाकाराला चुकल्यासारखेही वाटत नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडच्या तक्त्यात स्वतंत्रपणे आले ते २००८ मध्ये. आपण मागितले नाही तर मिळत नाही, हे येथेही खरे आहे.

आपल्याकडे या अडचणीवर काम झालेच नाही असे मात्र नव्हे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले, आणि त्यांचे जिस्ट कार्ड संगणकात बसविले की त्या ऐंशी घरांच्या पाटीवर मराठी दिसू लागे. जोडाक्षरे कार्ड स्वतः जुळवीत असे. मी ते प्रथम पाहिले तेव्हा बराच वेळ पडद्यासमोरून उठलो नव्हतो. पुढे विंडोज आले, घरांची पाटी मागे पडली, आणि प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी रचलेला मंगल हा देवनागरी फॉन्ट संगणकासोबतच येऊ लागला. त्यात जोडाक्षरांचे नियम फॉन्टच्या पोटात आहेत. पण त्यात प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी.

आता वाटून घेण्याकडे वळतो. येथे मला एक कबुली द्यायची आहे.

आपल्या संगणक कक्षाची पहिली दोन यंत्रे आली तेव्हा मराठी फॉन्ट विकत घ्यावा लागे, आणि तो आपल्याला परवडत नव्हता. मी एका ओळखीच्या छापखान्यातून फ्लॉपीवर उतरवून आणला. म्हणजे चोरून आणला. काही वर्षे तुमच्या आई-वडिलांना मी त्यावरच शिकविले. नंतर देणगीतून रीतसर प्रत घेतली. तिच्यासोबत एक छोटी चावी आली. ती यंत्राच्या मागे लावली तरच मराठी उमटे. काही वर्षांनी ती चावी बिघडली. विकणाऱ्याकडे गेलो तर ती आवृत्ती आता नाही, नवीन घ्या, असे उत्तर मिळाले. त्या फॉन्टमध्ये आपल्या वसतिगृहाची जुनी नोंदवही टंकित केलेली होती. कागदी वही वाळवीने खाल्ली होती. उरली ती फाईल; आणि ती उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी.

याचे कारण मुलांनी समजून घ्यावे. त्या फॉन्टमध्ये 'क' च्या जागी 'क' चा क्रमांक नव्हता. इंग्रजी अक्षराचा क्रमांक होता आणि त्यावर 'क' चे चित्र डकविलेले होते. चित्र गेले की खाली इंग्रजी अक्षर उरते. प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने डकविले. त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचता येईना.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले. वसतिगृहात आपण राहिलो होतो याचा दाखला त्यांना हवा होता. आम्ही फाईल काढली. मुलांनी बसून तक्ता केला, कोणत्या इंग्रजी चिन्हामागे कोणते मराठी अक्षर. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी होती, ती मागे नेली. रफार नंतर होता, तो पुढे आणला. या साऱ्या कामात मजकूर समान रुंदीच्या फॉन्टमध्ये उघडून ठेवला होता. कारण खिचडीत लहान एल, कॅपिटल आय, एक आणि उभी रेघ हे चारही होते, आणि चौघांमागे वेगवेगळी मराठी अक्षरे. नेहमीच्या फॉन्टमध्ये चारही म्हणजे एकेक काठी. समान रुंदीच्या फॉन्टमध्ये आय ला वर-खाली आडव्या पट्ट्या असतात, एल चे शेपूट वळते, एकाला टोक असते. घर भरण्यासाठी केलेली ती युक्ती. आम्हाला तिचा असा उपयोग झाला. सुमारे तीन आठवडे लागले. त्या गृहस्थांचे नाव सापडले. प्रवेशाचे वर्ष मात्र आमच्याच जुन्या टंकनात चुकलेले होते, ते आम्ही दुसऱ्या कागदावरून ताडून पाहिले.

आम्ही वापरला तो फॉन्ट देजाव्हू सॅन्स मोनो. त्याची कुळकथा सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील बिटस्ट्रीम ही अक्षरे विकणारी कंपनी. तिच्या जिम लाइल्स या रचनाकाराने व्हेरा नावाचा संच केला. २००३ मध्ये ग्नोम फाउंडेशन या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेशी करार होऊन तो सर्वांना खुला झाला. दहा फॉन्ट, त्यांतील चार समान रुंदीचे. अट काय होती? वापरा, वाटा, बदल करा. फक्त बदल केलात तर नाव बदला, आणि नुसता फॉन्ट वेगळा काढून विकू नका. व्हेरामध्ये पश्चिम युरोपच्या भाषांची अक्षरे होती, बाकीच्यांची नव्हती. २००४ मध्ये स्तेपान रोह या चेक माणसाने आपल्या भाषेकरिता त्यात भर घालायला घेतली आणि नवे नाव दिले देजाव्हू. मग ग्रीक आले, रशियन आले, आर्मेनियन आले. ज्याला जे अक्षर हवे त्याने ते काढले. लिनक्सच्या अनेक संचांत तो वर्षानुवर्षे ठरलेला फॉन्ट होता. ॲपल कंपनीने २००९ मध्ये मेन्लो नावाचा फॉन्ट आणला तो याच घराण्यातला, आणि २०१५ मध्ये हॅक नावाचा खुला फॉन्ट आला तोही याच घराण्यातला. २००३ मध्ये जो दरवाजा उघडला गेला त्यातून एवढी माणसे आत-बाहेर झाली.

देजाव्हूमध्ये देवनागरी नाही, हेही सांगून टाकतो. मात्र येथे पालीचे विद्यार्थी बसले आहेत, त्यांच्यासाठी एक उपयोगाची गोष्ट. रोमन लिपीत पाली लिहिताना दीर्घ स्वरावर रेघ लागते, निग्गहीतासाठी एम खाली किंवा वर ठिपका लागतो, ट-ड-ण-ळ साठी अक्षराखाली ठिपका लागतो. पूर्वी ज्याने त्याने आपली सोय केली आणि एकाचा पाठ दुसऱ्याच्या यंत्रावर फुटला. ही ठिपक्यांची अक्षरे युनिकोडमध्ये आहेत आणि या फॉन्टमध्येही आहेत. दोन पाठ ओळीला ओळ लावून ताडायचे असतील तर समान रुंदीत ताडा. एखादे अक्षर गळले की पुढची सारी ओळ सरकलेली लगेच दिसते.

आता परवान्याविषयी. खुल्या फॉन्टसाठी आज सर्वांत अधिक वापरला जातो तो एसआयएल या संस्थेचा ओपन फॉन्ट लायसन्स. त्याची सध्याची आवृत्ती २००७ ची आहे. फॉन्ट वापरावा, अभ्यासावा, बदलावा, वाटावा. नुसता फॉन्ट विकू नये. सुधारलेला फॉन्ट त्याच अटींवर पुढे द्यावा. मूळ रचनाकाराने नाव राखून ठेवले असेल तर ते वापरू नये. तुम्ही त्या फॉन्टमध्ये छापलेले पुस्तक तुमचेच राहते, त्यावर परवान्याचा हक्क नाही. आपल्या स्मरणिकेला हा मुद्दा महत्त्वाचा. युनिफॉन्ट आता या परवान्याखालीही मिळतो. रेड हॅट कंपनीने आणलेला लोहित देवनागरी आणि मुंबईच्या एक टाइप या गटाचा मुक्त हे फॉन्टही याच परवान्याखाली आहेत. 'फुकट आहे' असे कोणी सांगितले म्हणून विश्वास ठेवू नका. सोबतची परवान्याची फाईल उघडून वाचा. मी ती कधी वाचली नव्हती.

मुले मला विचारतात, सर, जो फॉन्ट फुकट देतो त्याचे पोट कसे भरते? प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. बिटस्ट्रीमची कमाई इतर फॉन्टवर होती. राफ लेव्हियन या संगणकतज्ज्ञाने इनकॉन्सोलाटा नावाचा समान रुंदीचा सुंदर फॉन्ट केला, छापील पानावर प्रोग्रॅम वाचायला सोयीचा, आणि तो खुला केला. त्याला टेक्स वापरणाऱ्यांच्या संघटनेने आर्थिक साहाय्य दिले. पण त्याची उपजीविका दुसऱ्या कामावर होती. म्हणजे ज्याचे पोट भरलेले आहे त्याला देणे सोपे जाते. आपल्या मुलांना कोणी सांगेल की तुम्हीही सारे फुकटच करा, तर मला ते पटत नाही. अक्षराची रचना हे मेहनतीचे काम आहे. समान रुंदीचे तर अधिक; आय ला फुगवावे लागते आणि एम च्या तीन पायांना तेवढ्याच घरात दाटीवाटीने उभे करावे लागते, मधला पाय पुष्कळदा आखूड करावा लागतो. त्याचा मोबदला मागण्यात लाज नाही. एखाद्या संस्थेने पैसे देऊन फॉन्ट करवून घ्यावा आणि मग तो सर्वांना खुला करावा, हा मार्ग मला अधिक सरळ वाटतो. आपली संस्था लहान आहे. पण संपूर्ण फॉन्ट नाही तर एका फॉन्टमधील आडव्या र ची दुरुस्ती करून पाठविणे आपल्या आवाक्यात आहे.

ते काम सुरूही झाले आहे. कक्षातील मुलांनी सोळा बाय सोळाच्या घरात मराठी अक्षरे काढायला घेतली आहेत. शिरोरेषा वरून तिसऱ्या ओळीवर ठेवायची की चौथ्या, यावर दोन रविवार वाद झाला. तिसऱ्यावर ठेवली तर वर दोनच ओळी उरतात आणि 'र्मी' मध्ये रफार, वेलांटी एकमेकांत शिरतात. चौथ्यावर ठेवली तर खाली 'ळू' चा उकार कापला जातो. नववीतील एका मुलीने चौथी ओळ घेऊन ळ ची उंची एका घराने कमी केली, आणि सध्या तरी तोच नमुना सर्वांनी मान्य केला आहे. ञ आणि ङ अजून कोणी काढलेले नाहीत. 'ऱ्य' चे तीन नमुने आहेत आणि तिन्ही मला पसंत नाहीत.

मागच्या टेबलावर आखलेले कागद ठेवले आहेत. प्रत्येकाने दोन न्यावेत, एक चुकण्यासाठी. पेन्सिलच वापरावी, पेनने काळे केलेले घर खोडता येत नाही. कागदाच्या खाली अक्षर, सोळा ओळींचे अंक आणि आपले नाव लिहावे, कारण फाईल पाठविताना काढणाऱ्याचे नाव सोबत द्यायचे आहे. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता कक्ष उघडा असेल. ज्या मुलीचे विलंब शुल्क भरावे लागले ती आता अंक तपासण्याचे काम करते. कागद तिच्याकडे द्यावेत.